चार्जरची किंमत कमी लावा

"साहेब कुठेत?"

हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेला. रिक्षातून मी एकटी उतरायचे, तरी लोक माझ्या मागे बघायचे. साहेब रिक्षाचे पैसे देत असतील अशी त्यांची समजूत. मग मी पर्समधून टॉर्च, छोटा आरसा आणि लोहचुंबक काढायचे आणि बॉनेट उघडायला सांगायचे. त्यानंतर कुणी साहेबांची चौकशी केली नाही.

मी मोटार सर्व्हेअर होते. गाडी ठोकली की विम्यासाठी जाऊन नुकसान किती झालं ते बघायचं, आणि मालक सांगतोय त्यातलं किती खरं आहे तेही बघायचं. "उभ्या गाडीला म्हशीनं धडक दिली" ही गोष्ट मी भिवंडीपासून बदलापूरपर्यंत इतक्यांदा ऐकली आहे की आपल्या जिल्ह्यातल्या म्हशी फार रागीट आहेत असं परक्या माणसाला वाटावं. लोहचुंबक कशाला? पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. जिथून ते घसरून खाली पडलं तिथे मालकाची गोष्टही घसरायची.

निवृत्त झाल्यावर मी डोंबिवलीत स्वस्थ बसणार होते. पण ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मला हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांची किंमत ठरवायच्या कामाला जुंपलं. आणि त्यातही माझ्या गळ्यात पडल्या त्या अमेरिकन मसल कार. नवऱ्यानं विचारलं, "तुला काय कळतं त्यातलं?" म्हटलं, तुझं काय ठोकलंय ते कळतंय की नाही मला इतकी वर्षं?

मसल कार म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. अमेरिकेत साठच्या दशकात तरुण पोरांसाठी दोन दारांच्या, लांब नाकाच्या गाड्या निघाल्या आणि त्यांत आठ सिलिंडरची अवाढव्य इंजिनं बसवली. चाळीतल्या खोलीत गणपती मंडळाचा स्पीकर लावावा तसा प्रकार. मस्टँग त्यातली अंगानं हलकी, सिग्नल सुटल्या सुटल्या पुढे. कॅमेरो जरा शहाणी, वळणावर कमी घाबरवणारी. आणि चार्जर म्हणजे धूड. उठायला वेळ लावते, पण सरळ रस्ता मिळाला की मग तिला आवरणं नाही. तिघींचेही ब्रेक सारखेच. तुम्ही पाय दाबायचा, गाडी विचार करणार, मग थांबणार. आणि पेट्रोल! पेट्रोल त्या पीत नाहीत, ओरपतात.

आता कुणालाही वाटेल, जी जास्त पळते ती महाग. छे! हौशी बाजाराचं गणितच उलटं. जिला सगळ्यात कमी हात लागला ती महाग. ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली, जिचा मूळ रंग, मूळ सीट, मूळ इंजिन जागच्या जागी आहे ती राणी. जिला माणसांनी वापरली, दुरुस्त केली, जीव लावला, ती दासी. एखाद्यानं आयुष्यात काही केलं नाही म्हणून त्याचा सत्कार करावा तसं आहे हे, पण बाजार मी बनवलेला नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरकडे कॅमेरो आहे. पार्किंगमध्ये काचेच्या खोलीत. दर रविवारी तो ती फक्त सुरू करतो, डोळे मिटून आवाज ऐकतो आणि बंद करतो. "पळते किती?" मी विचारलं. तर म्हणे, "मॅडम, एकदा लिफ्टपर्यंत नेलेली." सोसायटीची तक्रार आहे, पण सोसायटी त्यानंच बांधलेली.

तर ही असली माणसं. पण मला सांगायचंय ते वेगळ्याच घरातलं.

डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला जुनी गावं आहेत. तिथल्या एका आगरी कुटुंबातून फोन आला. एकेकाळी भातशेती आणि मिठागरं, आता आजूबाजूला टॉवर आणि मध्ये यांचा तीन मजली बंगला. घरचे नाना वारले होते. नानांना जमिनीच्या एका तुकड्याचे पैसे आले तेव्हा गावातल्यांनी सोनं घेतलं, नानांनी लिलावातून दोन अमेरिकन गाड्या घेतल्या, एक मस्टँग आणि एक चार्जर. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असणारच.

फोन मुलाचा होता, रमाकांतचा. गावात सगळे रमाशेठ म्हणतात. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक असं काही नाही. मी गेले तर त्यानं पहिल्याच वाक्यात सगळं मांडलं.

"मॅडम, आम्ही दोघंच. मी आन माझी बहीण. नाना बोल्ले, एक गारी बायची. पन कंची ते नाय बोल्ले. घर मी सांभालतंय, नानांचा दुखनाखुपना मी बगितला. तवा जी महाग ती माझी, जी कमी ती तिची. माझा तोंड वाईट नको, तुम्हीच लिवून द्या."

"बहिणीला चालणार आहे?"

"इचारा तिला, ती काय मुकी हाय?"

बहीण, सुगंधा, तिथेच होती. खडवलीला दिलेली. तिथे नदीवर सहलीला येणाऱ्यांना चुलीवरचं जेवण करून घालते. चाळिशीच्या पुढची, ठणठणीत, हातात हिरवा चुडा. तिनं नुसती मान हलवली. रमाशेठची बायको वनिता चहा घेऊन आली. फार हौशी बाई. कपबशा, ट्रे, टेबलावरचं कापड, सगळं अबोली रंगाचं.

"पहिली चार्जर दाखवा," मी म्हटलं. वनिता लगबगीनं आत गेली आणि मोबाइलचा चार्जर घेऊन आली. "पिन बारकी हाय, चालंल ना?"

सुगंधा खो खो हसली. "वैनी, गारी गो, गारी!"

शेड मागच्या अंगाला होती. मस्टँग ताडपत्रीखाली. फिकट निळी, बऱ्याच ठिकाणी रंग उडालेला, सीट फाटलेल्या, टायर बसलेले. पण माझा टॉर्च जसजसा फिरत गेला तसतशी मला धाप लागली. सगळं मूळचं! इंजिनावर एक नंबर ठोकलेला असतो, आणि बॉनेटखाली चाकावरच्या पत्र्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले म्हणजे कारखान्यात जे इंजिन बसवलं तेच आजही आहे. आमच्या धंद्यात याला मॅचिंग म्हणतात. इतक्या दूर देशात येऊन, खाडीच्या खाऱ्या हवेत राहून, ही बया मॅचिंग राहिली होती. नानांनी ती बहुधा दोन-चारदाच चालवली असावी, पेट्रोलला घाबरून.

चार्जर उघड्यावर होती. काळपट हिरवी. बॉनेट उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. आत आठ सिलिंडरच्या जागी टेम्पोचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन! आपल्याकडे हे फार व्हायचं. पेट्रोल परवडेना, मग लोक आतलं अमेरिकन काळीज काढून भंगारात द्यायचे आणि डिझेल बसवायचे. आरटीओच्या पुस्तकात तशी रीतसर नोंदही होती. वाघाला शेपूच्या भाजीवर ठेवलं होतं.

पण चालत होती. सुगंधानं वनिताकडून किल्ली घेऊन लावली आणि गाडी थडथडत सुरू झाली. स्टिअरिंग अमेरिकन पद्धतीनं डावीकडे.

"आये उजवीकडं बसायची," ती म्हणाली, "आन हवालदार तिच्याकडंच लायसन मागायचा. आये बोलायची, माना सायकल पन येत नाय रं बाबा!"

मग तिनं मला हात धुवायच्या निमित्तानं विहिरीकडे नेलं. पाणी ओतता ओतता मागे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, एक काम करा. चार्जरची किंमत कमी लावा."

माझ्या हातातला साबण सुटला. किंमत वाढवून द्या म्हणणारे मी पोत्यानं पाहिले. कुणी हात जोडले, कुणी मिठाई पाठवली, एकानं तर शनीची शपथ घातली. पण कमी लावा म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं.

"का गं?"

"नानांनी माना यांतच शिकवली. गावातल्या पोरींना कुनी सायकल देत नव्हते तवा नानांनी गारी दिली हातांत. भाताच्या गोनी यांतूनच कल्यानला जायच्या, मी चालवायची. गावात कुनाला रातीबेराती कळा आल्या तर बाय, किल्ली घे, असा हुकूम. माझी वरात यांतूनच निंगाली, गावाच्या वेशीपरत मीच चालवली, नवरा शेजारी घाबरून बसलेला." ती हसली. "माना ती मस्तान नको. तिची मी कदी काच पन पुसली नाय. पन चार्जर महाग निंगाली तर दादा ती ठेवंल. मंग माहेरचा माझ्याकडं काय उरला?"

मी पदराला हात पुसले. "हे बघ, जे आहे तेच मी लिहिते. कमी नाही, जास्त नाही. पण तू काळजी करू नकोस. डिझेल घातलेल्या चार्जरला हौशी माणूस दारात उभं करणार नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, किंमत कमी सांगितल्यावर माणसं अशी खूश होत असती तर माझी नोकरी किती सुखाची झाली असती.

ओसरीवर येऊन मी निकाल दिला. मस्टँगच्या भावात स्टेशनजवळ चांगला फ्लॅट यावा, चार्जरच्या भावात फार तर एखादी रिक्षा. "मस्टँगचं सगळं मॅचिंग आहे, हीच तिची किंमत. तेवढं जपा. चार्जरचं मॅचिंग गेलंय." रमाशेठ खूश, सुगंधा खूश, वनिता मन लावून ऐकत होती. माझ्या निकालावर घरातलं प्रत्येक माणूस खूश होण्याची ही पहिलीच वेळ. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. नौपाड्याचे गृहस्थ मुंबईहून एक गिऱ्हाईक आणणार होते, तो मस्टँग बघून गेला की अंतिम कागद करायचा आणि वाटणी करायची असं ठरलं.

दीड-दोन महिन्यांनी वनिताचा फोन. आवाजात नुसता उत्साह. "मॅडम, गिऱ्हाईक उद्या येनार. तुम्ही आजच या, बगाच तुम्ही! समदी मॅचिंग केली!"

केली म्हणजे?

शेडमध्ये शिरले आणि क्षणभर मला वाटलं शेड चुकले. लालभडक मस्टँग. लाल दारं, लाल बंपर, आत लाल रेक्झिनच्या सीट, लाल गालिचा, स्टिअरिंगला लाल मखमली कव्हर. बॉनेट उघडलं तर इंजिनसुद्धा लाल.

वनिता हात जोडून उभी होती, शाबासकीच्या वाटेकडे डोळे लावून. "आता काय कमी नाय ना? तुम्ही बोल्लेलात, मॅचिंगवर किंमत. मीच बोल्ले यांना, किंमत असंल तर अजून मॅचिंग करू. बाजारातून एकच ताका आनला, सीटला पन तोच."

माझ्या डोळ्यांसमोर डोंबिवलीतली यच्चयावत मॅचिंग सेंटरं उभी राहिली. साडी घेऊन जायचं, त्यावर ब्लाऊजपीस लावून बघायचा, उजेडात धरायचा. देवा! आणि मी पण कशी, बाई असून मला हे सुचलं नाही.

मी बॉनेटखाली वाकले. चाकावरच्या पत्र्यावर नंबर नव्हता. हात फिरवला. गुळगुळीत. चुंबक लावलं, ते घसरून खाली पडलं.

"इथला नंबर कुठाय?"

"तो व्हय? खरबरीत दिसायचा," रमाशेठ म्हणाला. "पेंटरनं घासला, पुट्टी भरली. बगा कसा आरशासारखा."

"आणि इंजिनावरचा?"

"तो पन घासला. दोन्ही सारकं दिसाय नको?"

"दारावर कारखान्याची एक गंजकी पट्टी होती..."

"फेकली."

मला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मी बसले आणि सांगितलं. ज्या गाडीचा नंबर नाही ती गाडी नाही. खेटे घातले तर आरटीओत नवा नंबर ठोकून मिळेलही एखादवेळेस, पण मग ती कुठलीही मस्टँग, ही मस्टँग नाही. हौशी माणूस तिला हात लावणार नाही. उलट नंबर का घासला म्हणून पोलिसांत जाईल.

रमाशेठ आधी बायकोवर ओरडला, मग पेंटरच्या नावानं, मग माझ्यावर. "तुम्हीच बोल्लात ना मॅचिंग? तुमच्याच तोंडचा शब्द!"

माझाही पारा चढला. "अहो, मी काय ब्लाऊजपीस बघायला आले होते? 'जपा' म्हटलं होतं ना? जपा म्हणजे घासा होतं का तुमच्यात?"

वनिता मटकन खाली बसली आणि रडायला लागली. इतकी मनापासून मेहनत केलेली बाई अशी रडताना बघवेना मला. सुगंधालाही वनितानं मस्टँग बघायला खडवलीहून बोलावलं होतं; ती पुढे झाली, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी वैनी. लाल रंग छानच दिसतंय."

थोड्या वेळानं रमाशेठ शांत झाला. आणि मला ज्याची भीती होती तेच त्यानं विचारलं.

"मंग आता सांगा. दोगींत महाग कंची?"

सुगंधानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत विहिरीवरची तीच विनंती. इतकी वर्षं म्हशींच्या गोष्टी पकडल्या, कुणाला सूट दिली नाही, आणि आता वाटायला लागलं, एक खोटं बोलले तर कुणाचं काय बिघडणार आहे? पण सही माझी होती. चार्जर चालती होती, कागद स्वच्छ होते, तिचा नंबर जागेवर होता, रंग मूळचा होता.

"चार्जर," मी म्हटलं. मला स्वतःचा इतका राग क्वचित आला असेल.

"मंग चार्जर माझी," रमाशेठ म्हणाला. "ठरल्यापरमानं. बाय, तू मस्तान ने."

मग सुगंधा बोलली, आणि आवाज न चढवता बोलली.

"दादा, ठरला तसाच. पन एक सांग. बाकीच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही करायला माना कचेरीत नेलंस, तवा मी किंमत इचारली? वकील बोलला, बाय, वाचून बग. मी बोल्ले, माझा भाव हाय, वाचायचा काय? टॉवर उभं रायले त्या जमिनीवर. कदी बोल्ले का, दादा, त्यांतली येक खोली दे? सही केली कनाला? माहेरचा दार उगडा राहावा म्हनून. आन आज तू माना गारीची किंमत सांगतंस?"

रमाशेठ जमिनीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. "ठरलेला ठरलेला," असं काहीतरी पुटपुटला, पण त्यात जोर नव्हता.

वनिता उठली. डोळे पुसत घरात गेली. मला वाटलं, गेली बिचारी तोंड लपवायला. पण ती परत आली ती हातात ताट घेऊन. ताटात हळदकुंकू, तांदूळ, नारळ.

"बाय, आज तुमी जानार ना? मंग पदर पसरा," ती नणंदेला म्हणाली. सुगंधा गोंधळली, पण माहेराहून निघताना भावजयीनं ओटी भरायची आणि लेकीनं पदर पुढे करायचा, हे हात आपोआप करतात. वनितानं कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला. आणि मग कनवटीची किल्ली काढून नारळाशेजारी ठेवली. चार्जरची.

"अगो ए!" रमाशेठ एक पाऊल पुढे आला.

वनिता वळली. नवऱ्यापुढे इतकी ताठ उभी राहिलेली तिला त्यानं कधी पाहिली असेल असं वाटत नाही. "ओटीत घातलाय मी. लेकीच्या ओटीतला काडून घेनारा भाव असंल तर घे काडून. मी बगतंय."

नाही घेतली त्यानं. कशी घेणार? नंबर घासता येतो, ओटी कशी परत घेता येईल? तो तोंड फिरवून लाल मस्टँगकडे बघत उभा राहिला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"मॅडम, चला, सोडतंय तुमाला घरापरत," सुगंधा म्हणाली. मी उजवीकडे बसले. समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, तरी सवयीनं मी पाय दाबून धरला होता. इतक्या गाड्यांच्या किमती लावल्या, पण यांपैकी एकीत बसून चार पावलं गेले नव्हते कधी. किल्ली फिरली, थडथडाट झाला, कुत्री भुंकायला लागली. नारळ अजून तिच्या पदरातच होता.

फाटक बंद होतं. रमाशेठ चालत आला, त्यानं ते उघडलं आणि बाजूला उभा राहिला. गाडी त्याच्या जवळून जायला लागली तसा तो काचेशी वाकला. माझ्याकडे नाही, पलीकडे बहिणीकडे बघत म्हणाला, "भावबीजेला हीच घेवून ये. येष्टीनं येव नको."

सुगंधानं रस्त्यावरची नजर काढली नाही. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत.

"तू घरात अस म्हंजे जाला! मागल्या साली ताट घेवून बसलेली मी, आन तू क्रिकेटला!"